‘ईलची आई’ ही ईलची आई नव्हे

सापासारखा लांबट मासा, चिरलेलं पोट आणि आत वळवळणारी पिल्लं. ‘ईल मासे पिल्लांना जन्म देतात, हा घ्या पुरावा’ असं म्हणत हा फोटो फिरतो आहे. पिल्लं खरी आहेत, मासा मात्र ईल नाही.

हा ईलपाउट, शास्त्रीय नाव झोआर्सिस व्हिव्हिपॅरस. उत्तर समुद्र आणि बाल्टिकच्या किनाऱ्यालगत दगडांखाली, शेवाळात राहणारा. गैरसमज आजचा नाही. जर्मनमध्ये त्याचं नावच ‘आलमुटर’, म्हणजे ईलची आई! ईलची अंडी कुणालाच दिसत नसत, त्यामुळे लोकांनी हे नातं जोडलं असावं. १९२० च्या दशकात डॅनिश संशोधक योहानेस श्मिट यांनी युरोपीय ईलच्या अगदी लहान अळ्या (अंड्यातून निघालेली पिल्लं) पार अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्रात सापडल्याचं दाखवलं. ईल तिथे जाऊन अंडी घालते. ईलपाउटची अंडी मात्र मादीच्या अंडाशयातच उबतात आणि हिवाळ्यात सुमारे चार सेंटिमीटरची पिल्लं बाहेर पडतात.

ओळखायचं कसं? गळ्याखाली पाहा: ईलपाउटला तिथे दोन इवलेसे पर असतात, ईलला ते नसतातच. शिजवल्यावर ईलपाउटचे काटे हिरवे दिसतात. तो रंग नैसर्गिक आहे, विषाचा नव्हे.