लिबपायथॉन गाळलं ते चुकून नाही

तुमचा आक्षेप असा: पायथॉनच्या सी एक्स्टेंशनसाठी (सी भाषेत लिहिलेल्या, पायथॉनमध्ये इम्पोर्ट करायच्या मॉड्यूलसाठी) लिनक्सवरची लिंक-कमांड माझ्या लेखात देताना मी लिबपायथॉन (पायथॉनचा इंटरप्रिटर असलेली लायब्ररी) गाळलं, त्यामुळे ढीगभर सिम्बॉल (बाहेरून घ्यायच्या फंक्शन-व्हेरिएबलांची नावं) लटकत राहतात, विंडोजवर हे खपत नाही, मग इथे का खपवून घ्यायचं? विंडोजचं तुम्ही म्हणता ते खरं. लिनक्सचं नाही.

विंडोजवर बाहेरून येणारा प्रत्येक सिम्बॉल कुठल्या डीएलएलमधून (विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीतून) यायचा, हे लिंक करतानाच पक्कं होतं. म्हणून पीवायडी (विंडोजवरचं एक्स्टेंशन मॉड्यूल) बनवताना पायथॉन३१२.लिब ही लिंक करायची फाइल लागतंच. (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एमएसव्हीसी वापरत असाल तर हेडरमधलं प्रॅग्मा ते गुपचूप जोडतं, त्यामुळे पुष्कळांना ते कधी दिसतच नाही.) ईएलएफमध्ये (लिनक्सच्या बायनरी फाइलींच्या फॉरमॅटमध्ये) कुठल्या लायब्ररी हव्यात आणि कुठले सिम्बॉल हवेत, या दोन वेगळ्या याद्या. सिम्बॉल प्रोसेसमध्ये आधीच हजर असला की झालं, आणि पायथॉन चालू आहे म्हणजे तो हजर असतोच.

डेबियन-उबुंटूच्या पायथॉन बायनरीत इंटरप्रिटर आतच स्टॅटिक लिंक केलेला असतो, वेगळ्या लायब्ररीतून येत नाही. तुम्ही सुचवता तसं -एलपायथॉन३.१२ लावलंत की मॉड्यूलच्या ‘नीडेड’ यादीत लिबपायथॉन येऊन बसतं, आणि ज्या मशीनवर ते वेगळं पॅकेज नाही तिथे इम्पोर्ट करताच ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. ही यादी दाखवणारी रीडएल्फ -डी कमांड चालवून बघा. ३.८ पासून पायथॉननेच ही लिंक काढली; इंटरप्रिटर स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा असेल तरच पायथॉन-कॉन्फिगला (लिंकचे पर्याय सांगणाऱ्या कमांडला) --एम्बेड द्यायचं.

मॅकवर तर हा हट्ट जास्त महागात पडतो. होमब्रू या पॅकेज मॅनेजरच्या पायथॉनशी लिंक केलेलं मॉड्यूल कोंडा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरच्या पायथॉनमध्ये इम्पोर्ट केलं, तर एकाच प्रोसेसमध्ये दोन इंटरप्रिटर येतात आणि प्रोग्रॅम कोसळतो. तिथे ‘-अनडिफाइन्ड डायनॅमिक_लुकअप’ (सिम्बॉल चालवताना शोध, असं सांगणारा लिंकर-पर्याय) हेच बरोबर.

दोन ठिकाणी मात्र तुमची बाजू खरी. अँड्रॉइडवर लिबपायथॉन जोडावंच लागतं. आणि एखाद्या प्रोग्रॅमने लिबपायथॉन आरटीएलडी_लोकलने (सिम्बॉल इतरांना न दाखवता) डीएलओपन केलं, म्हणजे चालू असताना लोड केलं असेल, तर आपलं मॉड्यूल ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून अडतं; पण ती दुरुस्ती त्या प्रोग्रॅममध्ये, आरटीएलडी_ग्लोबल (सिम्बॉल सगळ्यांना दिसू देणारा पर्याय) देऊन करायची.

राहिला तुमचा -झेड डेफ्सचा (एकही सिम्बॉल लटकत राहिला तर लिंकच अडवणाऱ्या पर्यायाचा) आग्रह. झेडलिबसारखी लायब्ररी जोडायची राहिली तर ती चूक लिंक करतानाच पकडली जावी, ही तुमची इच्छा रास्त आहे. पण तो पर्याय पायथॉनच्या सिम्बॉलवरही अडेल. त्याऐवजी बिल्ड झाल्यावर तयार .एसओ फाइलवर (मॉड्यूलवर) न सापडलेले सिम्बॉल दाखवणारी एलडीडी -आर चालवा: ‘पाय’ किंवा ‘_पाय’ने सुरू होणारे सिम्बॉल सोडून द्या, उरलेलं जे काही दिसेल ती खरी चूक. मूळ लेखात ही पायरी नव्हती, आज घातली.