परवाना वेगळा, देखरेख वेगळी

‘वॉशिंग्टनने 2024 मध्ये मेथाडोनचे नियम सैल केले, आता क्लिनिकांना लागणारा राज्यांचा परवाना म्हणजे नुसती आडकाठी, तो रद्दच करा,’ असं तुम्ही लिहिलंत. (वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेचं केंद्र सरकार; मेथाडोन म्हणजे हेरॉइनसारख्या अफूजन्य व्यसनावर क्लिनिकात दिलं जाणारं औषध.) अर्धं पटलं. पण क्लिनिक उघडू द्यायचं की नाही, आणि उघडलेल्या क्लिनिकात रोज काय चालतं ते तपासणं, या दोन गोष्टी तुम्ही एकाच दावणीला बांधल्यात.

पहिलीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. वेस्ट व्हर्जिनियाने 2007 मध्ये नव्या मेथाडोन क्लिनिकांवर बंदी घातली. त्याने व्यसन घटत नाही, रुग्णाची पायपीट वाढते. दुखण्यावरचं मेथाडोन अमेरिकेत औषधाच्या दुकानात मिळतं. तेच व्यसनासाठी हवं असेल तर क्लिनिकच गाठावं लागतं.

देखरेख मात्र सोडता येणार नाही. नव्या नियमात पहिल्या दिवशी एकूण 50 मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. आधी ही मर्यादा 40 होती. मेथाडोन शरीरातून फार सावकाश जातं, त्यामुळे डोस तोच ठेवला तरी रक्तातलं प्रमाण चार-पाच दिवस चढत राहतं. सोमवारी सोसलेला डोस गुरुवारी झोपेत श्वास मंद करू शकतो. म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे.

द्रावण बहुधा एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम असतं. अर्धा मिलिलिटर चुकला की 5 मिलिग्रॅमचा फरक. चांगला तपासनीस भिंतीवरची प्रमाणपत्रं बघत बसत नाही. डोस मोजून देणारा पंप शेवटचा कधी जुळवला, ते तो विचारतो. कालची शिल्लक अधिक आलेला माल, वजा वाटप, वजा सांडलेलं, हा हिशेब बाटलीतल्या मापाशी ताडतो. सलग तीन-चार दिवस न आलेल्यांची पानं काढतो: सहनशक्ती उतरलेली असताना जुनाच पूर्ण डोस दिला का? क्लिनिकांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या मानांकन संस्थेची फेरी तीन-तीन वर्षांनी येते. मधल्या काळातल्या तक्रारीला राज्याचं कार्यालय जवळचं.

रोज क्लिनिकात यावं लागू नये म्हणून घरी न्यायला मिळणाऱ्या बाटल्या फार कमी असतात, याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पूर्वी पहिले 90 दिवस आठवड्याला एक बाटली (सुटीची वेगळी) आणि महिन्याचा साठा दोन वर्षांनंतर, असा जिना होता. आता पहिल्या 14 दिवसांत 7 दिवसांचे डोस, पंधराव्या दिवसापासून 14, एकतिसाव्यापासून 28. पण ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. राज्याला याहून कडक नियम ठेवता येतात. जिथे जुना जिना तसाच असेल, तिथे बदला म्हणून जरूर भांडा.

आणखी एक, जे तुमच्याही नजरेतून सुटलं. परवाना रद्द झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रांगेतला माणूस कुठे जाणार? रद्द करण्याच्या आदेशाबरोबरच प्रत्येकाचा शेवटचा डोस, त्याची तारीख आणि घरी किती बाटल्या शिल्लक आहेत, ही यादी दुसऱ्या क्लिनिकला पोचलेली हवी. नाहीतर तिथला डॉक्टर सावधपणे कमी डोसपासून सुरू करतो, आणि उरलेली भूक तो माणूस फेंटानिल या रस्त्यावर मिळणाऱ्या जीवघेण्या अमली पदार्थावर भागवतो.