कुंकू लावलेली शेगडी

दादाचं दुबईतलं बिऱ्हाड आवरलं तेव्हा त्यानं सोफा तिथंच वाटून टाकला, गाडी विकली, आणि विजेवर चालणारी चार प्लेटांची शेगडी मात्र, खालच्या ओव्हनसकट, आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी पाठवून दिली. "आईला गॅसचा नंबर लावायची कटकट नको," असं त्याचं म्हणणं. आईनं आयुष्यात गॅसचा नंबर लावलेला नाही. तो मी लावतो. टेम्पोतून शेगडी उतरवायला शेजारच्या तालमीतली चार पोरं लागली आणि त्यांना नंतर मिसळ घालावी लागली. देखभालीच्या खर्चाची ती पहिली नोंद.

आईनं तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"हिला जाळ कुठनं येतो?"

"जाळ येत नाही. नुसती तापते."

"आणि धूर?"

"धूरबी नाही."

'जाळ अन् धूर संगटच' हे ज्या गावात कौतुकाचं शेवटचं टोक समजतात, तिथं मी हे बोलत होतो. आई गप्प बसली. मग तिचं लक्ष पुढच्या डावीकडच्या प्लेटेकडं गेलं. तिच्या मधोमध लाल टिकली होती.

"बाकीच्या तिघींना का नाही कुंकू?"

मी नुकतीच माहितीपुस्तिका वाचली होती. सांगितलं, की लाल ठिपका म्हणजे ही जास्त वॅटची, लवकर तापणारी. आणि फारच तापली तर आतल्या आत स्वतःला आवरते.

"म्हणजे थोरली सून," आई म्हणाली. वहिनी तेव्हा व्हिडिओ कॉलवर होती.

शेगडीला पिन नव्हती, नुसती जाडजूड वायर. वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी पाठीमागची पत्र्याची पाटी वाचली, कानावरची पेन्सिल काढली आणि नव्या रंगवलेल्या भिंतीवर हिशेब मांडला : ७५०० भागिले २३०. उत्तर आलं साडेबत्तीस अँपिअर. मग त्यांनी आमच्या घरातला गिझरचा १६ अँपिअरचा एकुलता एक पॉइंट दयाबुद्धीनं बघितला.

"साहेब, शेगडी एक नंबर हाय. घर बदला."

घर बदललं नाही, पण बदलण्याइतका राडा झाला. मीटरपासून ६ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन ओढली. भार जास्त झाला की पडणारा ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला. वीज कुठं पाझरली तर शॉक जिवावर बेतायच्या आत ती पाडणारा आरसीसीबी बसवला. परसात अर्थिंगचा खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. आईला वाटलं, मामा काहीतरी उतरवतायत. वाढीव लोडचा अर्ज मंजूर होईपर्यंत 'एका वेळी दोनच प्लेटा, ओव्हन चालू असेल तर एकच' असा कागद मी फ्रिजवर चिकटवला. तो वाचणारा घरात मी एकटाच.

आता गंमत अशी, की आमच्या घरातलं एकही भांडं त्या शेगडीवर सरळ बसेना. कढई डुलायची. भाकरीचा तवा मधल्या पोकानं टेकायचा आणि कडा अधांतरी. बिडाच्या सपाट प्लेटेला सपाट बूडच लागतं, नाहीतर उष्णता मधे हवेतच राहते. एका रविवारी मी सगळी पातेली जमिनीवर उपडी मांडून लेकाची फूटपट्टी बुडांवर आडवी धरून तपासली. पट्टीखालून उजेड दिसला की पातेलं नापास. एकवीस पातेल्यांतली तीन पास झाली. त्यातलं एक दुधाचं होतं, आणि आई ते दुसऱ्या कशाला देत नाही.

भाकरीचं तर बोलूच नये. भाकरी तव्यावरून उचलून जाळावर टाकली की फुगते. इथं जाळच नाही. बायकोनं प्लेटेवर थेट टाकून पाहिली. भाकरी फुगली नाही, पण तिच्या अंगावर कंपनीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं उमटली.

तरी पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पांढरा रस्सा फुटला.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण त्या दिवशी घरात सुतक होतं. सांगलीचे व्याही जेवायला. आईनं नारळाचं दूध घातलं, बटण १ वर केलं. प्लेट थंडगार. २ वर केलं. थंडगार. वैतागून एकदम ६ वर केलं, तर रस्सा उसळला. घाईनं बंद केलं, पण बिडाची प्लेट बंद केल्यावरही दहा मिनिटं आपला राग धरून असते. तेवढ्यात दुधाचं पाणी झालं. व्याह्यांनी तांबड्याच्या चार वाट्या प्याल्या आणि पांढऱ्याची चौकशी केली नाही. समजूतदार माणूस.

शेगडी मोठ्या आचेवर चालते आणि मंद आचेवर मरते, हे मला काही केल्या पटेना. संध्याकाळी मामा आले. मेन स्वीच पाडून त्यांनी प्लेट उलटी केली आणि मल्टीमीटर लावला. प्लेटेच्या पोटात एक नव्हे, तीन तारांची वेटोळी असतात. ६ वर ती शेजारी शेजारी जोडली जातात, म्हणून प्रत्येक आपापली तापते. १ वर तिन्ही एकापाठोपाठ जोडली जातात. त्यातलं एक तुटलं होतं.

"पूर्वीची दिवाळीची माळ आठवा," मामा म्हणाले. "एक बल्ब गेला की अख्खी माळ गेली. तसं हाय हे."

म्हणजे भडक आच शाबूत, मंद गेली. आमच्या घराण्याचा स्वभावच शेगडीला लागला म्हणायचा.

नवी प्लेट शोधत मी शिवाजी उद्यमनगर पालथं घातलं. तिथं लोखंडाचं काहीही ओतून मिळतं. एका फाउंड्रीवाल्यानं प्लेट हातात घेऊन वजन केलं, नखानं टिचकी मारून नाद ऐकला आणि म्हणाला, "ही देतो की ओतून! शंभर नग असतील तर पॅटर्न करू." त्या शंभर प्लेटांत वेटोळी कोण भरणार, हे विचारल्यावर त्यानं चहा मागवला. शेवटी १८० मिलिमीटरची प्लेट दुबईहून कुणाच्या तरी बॅगेत, खजूर आणि अत्तराच्या मधे बसून आली. आठवडाभर तिला अत्तराचा वास येत होता.

मग पावसाळा. कोल्हापूरच्या पावसात पापडाची काय अवस्था होते ते सांगायला नको. ओव्हन दोन महिने बंद होता. लेकाच्या वाढदिवसाला केकसाठी चालू केला आणि खटकन घरभर अंधार. एमसीबी नव्हता पडला, आरसीसीबी पडला होता. मामांनी ओव्हनच्या तळातल्या एलिमेंटच्या, म्हणजे तापणाऱ्या नळीच्या, वायरी सोडवल्या, स्वीच वर केला, राहिला. वायरी जोडल्या, पडला. चोर सापडला. त्या नळीच्या आत तारेभोवती पांढरी भुकटी ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती ओल धरते, आणि त्या ओलीतून वीज पत्र्यात पाझरते.

"वाळवायला पाहिजे. उन्हात न्हाई भागायचं. चांगल्या उबेत, रात्रभर."

"ओव्हनमधे?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मीही माझ्याकडं बघितलं.

त्या रात्री मी ते वाकडं एलिमेंट वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. भट्टीतले पाव काढून झाले होते, आतली ऊब शिल्लक होती. बेकरीवाल्यानं एलिमेंट फळीवर ठेवून आत सरकवलं आणि विचारलं, "कशाचं हाय हे?"

"ओव्हनचं."

"आणि केक?"

केक त्याच्याकडूनच घेतला. सकाळी एलिमेंटबरोबर त्यानं चार टोस्ट बांधून दिले. मामांनी नळीची दोन्ही टोकं सिलिकॉननं बंद केली आणि ओव्हन चालू झाला. तेव्हापासून पावसाळ्यात दर रविवारी मी तो अर्धा तास रिकामाच तापवतो. आत काहीच नाही हे बघून आई दर रविवारी हळहळते. प्लेटांना गंज चढतो, म्हणून तव्याला लावतो तसा तेलाचा बोळा फिरवून त्या जरा तापवायच्या, हे काम मात्र तिनं आपणहून घेतलंय.

एवढ्या घासण्या-पुसण्यात ती लाल टिकली कधी उडून गेली, कळलं नाही. पुस्तिकेत तसं लिहिलंय, वापरानं ठिपका जातो, बिघाड नव्हे. आईला ते पटलं नाही.

यंदा खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणं विळी, पावशी, स्कूटर आणि माझा मल्टीमीटर पुजला. आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन शेगडीपाशी गेली आणि पुढच्या डाव्या प्लेटेवर मधोमध चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मी पाठीमागून चहासाठी बटण फिरवलं. अर्ध्या मिनिटात कुंकवातून निळसर धुराची एक रेघ उठली आणि स्वयंपाकघरात करपट वास पसरला. मी बंद करायला हात पुढं केला.

"असू दे," आई नाक वर करून वास घेत म्हणाली. "आत्ता कुठं चुलीगत वास आला बघ."