डेल्फ्ट दाखवणे आहे

नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्याला उन्हाळ्यात आणखी एक नोकरी लागते, बिनपगारी. पाहुण्यांना गाव दाखवायची. त्यात आम्ही राहतो डेल्फ्टला. ॲमस्टरडॅम वेगळं, डेल्फ्ट वेगळं, हे विमानतळावरच सांगून टाकावं लागतं आणि पाहुण्यांचे चेहरे तिथेच थोडे उतरतात.

यंदा वेंगुर्ल्याचे काका-काकी आले. जुलैत. घरात पाऊल टाकल्या टाकल्या काकींनी विचारलं, ट्युलिप कुठे? आता कॉयकेनहॉफची ती बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे उघडी असते. सत्तर लाख कंद लावतात तिथे, पण जुलैत फाटकाला कुलूप. "मग आमका जुलैत बोलवलंस कित्याक?" तिकिटं काढली होती त्यांच्या मुलाने, जाब मात्र मी देत होतो.

पहिल्या दिवशी नवं चर्च. (नवं म्हणजे पंधराव्या शतकात पुरं झालेलं.) मनोरा १०९ मीटर, पायऱ्या ३७६, गोल गोल आणि इतक्या अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. काका प्रत्येक खिडकीशी थांबून "व्ह्यू बघतंय" म्हणत होते. काही खिडक्यांतून समोरची भिंत दिसत होती. वर पोचल्यावर एकीकडे रॉटरडॅम, एकीकडे द हेग दिसतं. काकांनी डोळे मिटून दोन्ही पाहिली.

खाली आल्यावर कालव्याकाठची ईस्ट इंडिया कंपनीची जुनी इमारत दाखवली. डच कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, वगैरे मी सांगत होतो. काकांनी मान वर करून इमारत निरखली. "तेंका सांग, तुमची वखार आमच्या वेंगुर्ल्यात पडलेली आसा. आधी ती येवन बघा म्हणान." वेंगुर्ल्याच्या डच वखारीबद्दल वेंगुर्लेकराला मी काय सांगणार? गाईडगिरी तिथेच निम्मी संपली.

उरलेली निम्मी व्हर्मीरने संपवली. हा चित्रकार जन्मला डेल्फ्टला, राहिला डेल्फ्टला, १६७५ साली मेला तोही डेल्फ्टला, पुरलाही इथल्याच जुन्या चर्चमध्ये, ज्याचा मनोरा दोनेक मीटर कललेला आहे. त्याचं एकही अस्सल चित्र मात्र गावात नाही. "एकव नाय?" एकही नाही. मग पुन्हा आगगाडी, द हेग, माउरित्सहाउस संग्रहालय, मोत्याचं कर्णभूषण घातलेली ती जगप्रसिद्ध मुलगी. चित्राची उंची ४४.५ सेंटिमीटर, समोर गर्दी भरपूर. काकी माणसांतून वाट काढत पुढे गेल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि सराफाकडे बघावं तसं बघून परत आल्या. "मोती खोटो आसा." गंमत म्हणजे एवढा मोठा मोती खरा असेल का, अशी शंका जाणकारांनीही घेतली आहे. त्यांनी वर्षं घालवली, काकींना अर्धं मिनिट लागलं.

किंडरडाइकला एकोणीस पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. पाऊसही होता. त्या पीठ दळत नाहीत, जमिनीतलं पाणी उपसायला बांधलेल्या आहेत, हे कळल्यावर काकींचा रस संपला. छत्री वाऱ्याने आधीच उलटी केली होती.

शेवटी एक नंबरची ट्राम धरली. ती डेल्फ्टहून थेट स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्याला जाते. वेंगुर्ल्याच्या माणसाला समुद्र दाखवायला न्यायचं म्हणजे धाडसच. काकांनी नाक वर करून हुंगलं. "ह्यो समुद्र? वासच येणा नाय."

वास आला तो हेरिंगच्या गाडीवर. इथले लोक हा मासा शिजवत नाहीत. नुसता मिठात मुरवलेला, वर बारीक कापलेला कांदा. शेपटी धरायची, मान मागे टाकायची आणि सोडायचा तोंडात. काकांनी शेपटी धरली. काकींनी तिकडे पाठ केली. मासा गेला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणखी एक सांग." तोवर काकींनीही एक तुकडा चाखला होता, तिरफळांची चौकशी केली होती आणि त्यांचा खरा प्रश्न आला होता, "डोक्यांचा काय करतत, विचार."

मी डच भाषेत विचारलं. गाडीवाल्याने दोनदा विचारायला लावलं. मासा आमच्याकडे बिनडोक्याचाच येतो, म्हणाला.

रात्री वेंगुर्ल्याला फोन लागला. मनोरा नाही, मुलगी नाही, चक्क्या नाहीत. काकी स्पीकरवर जाऊबाईंना सांगत होत्या, "देश बरो आसा गो, पण डोकी टाकतत!"