डोळे उघडे असले तरी मेंदू झोपतो

"डोळे उघडे असतील तोवर मेंदू झोपूच शकत नाही," असं सांगणारा एक संदेश सध्या जोरात फिरतोय. रात्री गाडी चालवताना झापड आली तर डोळे ताणून उघडे ठेवा, मिनिटाला दहा वेळा पापण्या जोरात मिटा म्हणजे मेंदू 'रीसेट' होतो, तोंडावर पाणी मारा, असे उपाय त्यात आहेत. शिवाय पापण्या कमी लवणारा माणूस जास्त सावध, आणि नजर वर उजवीकडे गेली की तो खोटं बोलतोय, हेही आहेच. रोज रात्री गाडी चालवणाऱ्या घरच्याच माणसाने तो 'कामाचा आहे' म्हणून पुढे पाठवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला दावा सर्वांत घातक. सगळा मेंदू एकाच वेळी जागा किंवा एकाच वेळी झोपलेला असतो, हे गृहीतकच चूक आहे. 2011 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग मांडला. झोपेच्या वेळी पुढ्यात नवनव्या वस्तू ठेवून उंदरांना काही तास जागं ठेवलं होतं. डोळे उघडे, हालचाल चालू, मेंदूतल्या विद्युतलहरींचा म्हणजे ईईजीचा आलेखही जागेपणाचाच. पण मेंदूत बसवलेल्या बारीक तारांनी वेगळंच दाखवलं: पेशींचे छोटे गट गाढ झोपेतल्यासारखे क्षणभर गप्प होत होते. साखरेची गोळी पंजाने उचलण्याच्या ऐन आधी हालचालीच्या भागातल्या पेशी अशा गप्प झाल्या, की गोळी हुकण्याची शक्यता वाढायची. आता पंजाच्या जागी स्टिअरिंगवरचा हात आहे असं समजा.

माणसात याच्या पुढची पायरी म्हणजे काही सेकंदांची डुलकी. ती पापण्या उघड्या असतानाही लागू शकते, आणि लागली होती हे पुष्कळदा कळतही नाही. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंदांत 66 मीटर, आणि तेवढा वेळ चालक नाहीच.

डोळे ताणल्याने कपाळाचे आणि पापण्यांचे स्नायू तेवढे कामाला लागतात, झोपेची गरज तसूभरही कमी होत नाही. उलट हाताशी असलेला इशाराच दाबला जातो. जागेपणी पापणी साधारण 0.1 ते 0.4 सेकंदांत लवून वर येते. पेंग आली की ती खाली रेंगाळते. म्हणून झोपाळूपणा मोजताना 'परक्लोज' हे माप वापरतात: पापणीने डोळा 80 टक्के किंवा त्याहून जास्त झाकलेला राहण्याचा वेळ एकूण वेळेच्या किती टक्के आहे, ते. झोपेत शिरताना नेत्रगोल संथपणे इकडून तिकडे सरकू लागतात आणि ईईजीत 8 ते 13 हर्ट्झच्या अल्फा लहरी विरून 4 ते 7 हर्ट्झच्या थीटा लहरी येतात. तापमापी बर्फात बुडवून ताप उतरत नाही, तसंच हे डोळे ताणणं.

'रीसेट'मध्ये थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 2013 च्या एका जपानी अभ्यासात चित्रफीत पाहताना पापणी लवली की मेंदूतलं लक्ष देणारं जाळं क्षणभर मंदावतं आणि विश्रांतीच्या वेळी चालणारं जाळं वर येतं, असं दिसलं. पण त्या पापण्या आपोआप लवलेल्या होत्या. ठरवून मिचकावल्याने झोप उडते, असं त्या अभ्यासात कुठेही नाही.

पापण्या कमी लवणं हे सावधपणाचं लक्षण मानू नका. वाचताना, स्क्रीनकडे बघताना त्या कमीच लवतात आणि कोरड्या हवेत जास्त. खोटं बोलण्याचा दावा 2012 मध्येच तपासला गेला, नजरेच्या दिशेशी काही संबंध सापडला नाही. पाण्याचा हबका मारल्यावर क्षणभर तरतरी वाटते, पण ती टिकत नाही.

उपयोग होतो तो एवढ्याचा: गाडी सुरक्षित जागी थांबवा, 150 ते 200 मिलिग्रॅम कॅफिन मिळेल एवढी कॉफी प्या आणि लगेच 15 ते 20 मिनिटं डोळे मिटून पडा. कॅफिनचा असर चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. जास्त वेळ झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. उठल्यावर गुंगी पुरती उतरेपर्यंत गाडी सुरू करू नका. या उपायाने फार तर एखाद-दोन तास मिळतात. पुन्हा पापणी रेंगाळली तर त्या रात्री पुढे जाऊ नका.