शेवट सगळ्यांना ठाऊक असतो

शाळांच्या कथाकथन स्पर्धा जवळ आल्या की फोंड्यात आमच्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. "सर, मुलाकडून गोष्ट बसवून घ्या." बसवून घ्यायची म्हणजे काय, तर हात कुठे वर करायचा, आवाज कुठे कापरा करायचा, डोळे कुठे पुसायचे. मला हे मनापासून खटकतं. रडायचं काम ऐकणाऱ्याचं. सांगणाऱ्यानेच ते उरकलं तर समोरच्याला करायला उरतं काय?

गोव्यात राहून हे शिकायला लांब जायला नको. नारदीय कीर्तन ऐका. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग नामगजर, बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. उपदेश बराचसा आधीच होऊन गेलेला असतो. शेवटी बुवा मूळ अभंगावर येतात खरे, पण मधल्या वेळात गोष्टीच्या डोक्यावर तात्पर्याचं ओझं नसतं.

आख्यान हरिश्चंद्राचं असलं तर मंडपातल्या शेवटच्या आजीलाही पुढचं पाठ असतं. देव प्रकटणार, रोहिदास उठून बसणार. तरी कोणी जागचं हलत नाही. पुढे काय होणार हा प्रश्नच नसतो. या माणसाला हे पेलवणार कसं, यात जीव अडकलेला असतो. कसलेले बुवा स्मशानात घाई करत नाहीत. तारामती लेकराचं प्रेत घेऊन आलेली. हरिश्चंद्र डोंबाचा चाकर. कर घेतल्याशिवाय दहन होऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. तिच्याकडे अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नाही. "तिने पदराला हात घातला," एवढं सांगून बुवा थांबतात. पेटीही थांबते. तिला किती दुःख झालं हे कोणी सांगत नाही. बोलणं जिथे थिटं पडतं तिथे मग साकी नाहीतर दिंडी वृत्तातलं पद येतं.

पेडण्याकडच्या पारंपरिक दशावतारी नाटकाला तर लिखित संहिताच नसते. कथानक ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या सुचायचे. वाक्यं पाठ करून तिथे भागत नाही, पात्र आत्ता कशात सापडलंय ते कळावं लागतं. लोक चुळबुळायला लागले की मुरलेला नट आवरतं घेतो.

मुलांना हीच सवय लावा. गोष्ट लिहून देऊ नका. आधी आजीला सांगू दे, मग धाकट्या भावंडाला. ते जिथे इकडेतिकडे बघायला लागेल तिथे कात्री लावायची. आणि यंदा एकदा तरी त्यांना जत्रेच्या दशावताराला न्या. सुरुवातीच्या आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, झोप लागली तर लागू दे, आख्यान सुरू झालं की उठवा.