जास्त वॅट घेतले की कीर्तन शेवटपर्यंत ऐकू येतं?

सप्त्याचे दिवस जवळ आले की मराठवाड्यात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मंदिराच्या साउंडमध्ये वर्गणीचे पैसे पाण्यात घालायचे नसतील तर जास्तीत जास्त वॅटचा सेट घ्या. आवाज घुमला तर स्पीकर हलका. शिट्टी मारली तर माइक हलका. आणि वायर महागातलीच घ्या. सेट घेऊन पस्तावलेली बरीच गावं नेमकं हेच करून बसलेली असतात.

आधी वॅट. खोक्यावर 10,000 वॅट पीएमपीओ छापलेलं असतं. या पीएमपीओला ठरलेलं मोजमापच नाही, कंपनी म्हणेल तो आकडा. शंका असेल तर प्लग बघा. 6 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टवर 1,380 वॅट मिळतात, मग 10,000 येणार कुठून? आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती ताकद, किती ते विचारा. तो आकडा खरा असला तरी वॅट दुप्पट केल्यावर आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. उलट मोकळ्या मंडपात अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल गेले. शेवटची बायामाणसं स्पीकरपासून 32 मीटरवर बसत असतील आणि त्यांच्यापासून 8 मीटरवर एक लहान स्पीकर बांधला, तर 12 डेसिबल पदरात पडतात. तेच वॅटच्या जोरावर मिळवायचे तर सोळापट वॅट विकत घ्या! मात्र पुढचा आणि मागचा स्पीकर 15-20 मीटरपेक्षा लांब असतील तर मागच्याला डिले लावावा लागतो, म्हणजे त्याचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो, नाहीतर एकेक शब्द दोनदा ऐकू येतो. (काकड्याला बाहेरचे भोंगे लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की रात्री 10 ते सकाळी 6 त्यांना बंदी आहे.)

घुमण्याचा दोष स्पीकरच्या माथी मारणं हा तर अन्यायच. लाकूड-मातीचं माळवद पाडून आपण स्लॅबचा सभामंडप बांधला, खाली गुळगुळीत फरशी घातली, वर घुमट चढवला. काँक्रीट आवाज जवळजवळ शोषतच नाही. अशा ठिकाणी आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या दुकानात तोच सेट गोड वाजला, कारण तिथे चहूकडे पुठ्ठ्याची खोकी होती आणि तुम्ही दोन हातांवर उभे होता. उपाय म्हणजे उभे कॉलम स्पीकर, तेही घुमटाकडे नाही तर माणसांच्या कानाकडे वळवलेले. खाली सतरंज्या, जमल्यास भिंतीला जाड पडदे. भरलेल्या मंडपात माणसंच आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या मंडपातल्या चाचणीवरून सेट परत करायला धावू नका.

शिट्टीचं कारण बहुतेक वेळा माइक कसा धरला, किती चालू ठेवले, यात असतं. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर कीर्तनकाराच्या मागे ठेवला तर भारी माइकसुद्धा शिट्टी मारेल. बुवांनी माइकची जाळी मुठीत धरली की मागची छिद्रं बुजतात आणि माइक चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो. त्यात टाळकऱ्यांसमोरचे आठही माइक उघडे! शिट्टी न वाजता आवाज जितका वाढवता येतो, ती मुभा एका माइकच्या तुलनेत तिथेच 9 डेसिबलने घटते.

वायरचं अर्धं खरं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर टाळाच. पण 8 ओहमच्या स्पीकरपर्यंत 30 मीटर न्यायला घरफिटिंगची 2.5 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) शुद्ध तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आतच भरतो.